घुमट दोनदा बसवला: हागिया सोफियाच्या प्रतिकृतीच्या नोंदी

चाळीस वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून पाडतात ते नमुने, केले. आता काम नाही, पण हत्यारं आहेत आणि घरामागे पत्र्याची शेड आहे. २०१९ मध्ये टूरबरोबर इस्तंबूलला गेलो होतो. हागिया सोफिया ही आधी चर्च, मग मशीद झालेली जुनी इमारत तेव्हा संग्रहालय होती. सगळी मंडळी मोझेकचे फोटो काढत होती, मी मान वर करून घुमट बघत बसलो. एवढा मोठा गोल, खाली चौकोन, आणि मधे आधार कसलाच दिसत नाही. गाइड परत बोलवायला आला तोपर्यंत बस सुरू झाली होती.

यंदा आमच्या वाचनालयानं मे महिन्याच्या प्रदर्शनासाठी काहीतरी कर म्हटलं, तेव्हा हेच घ्यायचं ठरवलं. कुणाला असली प्रतिकृती करायची असेल तर उपयोगी पडावं म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवून ठेवतोय. चुका गाळलेल्या नाहीत. उलट त्याच जास्त आहेत.

५ जानेवारी २०२५

प्रमाण १:२०० धरलं. मुख्य इमारत साधारण ८२ मीटर लांब आणि ७३ मीटर रुंद, म्हणजे ४१० बाय ३६५ मिमी. घुमटाचा व्यास ३१ मीटरच्या आसपास, म्हणजे १५५ मिमी. जमिनीपासून टोकापर्यंत ५५.६ मीटर, म्हणजे २७८ मिमी. मिनार साधारण ६० मीटरचे, म्हणजे ३०० मिमी. दिवाणखान्यातल्या टेबलावर मावतं, एवढंच बघायचं होतं.

आराखडा झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला, ९० रुपये. पाया १८ मिमी प्लायचा.

एक गोष्ट आधीच पक्की केली. इमारत एकच असली तरी आत प्रार्थना करणारे बदलत गेले. ५३७ मध्ये सम्राट जस्टिनियननं बांधून पुरी केली तेव्हापासून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. १२०४ मध्ये क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे पश्चिमेकडून धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती सैन्यानं, शहर लुटलं, तेव्हापासून १२६१ पर्यंत लॅटिन कॅथलिक. मग पुन्हा ऑर्थोडॉक्स. १४५३ मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदनं शहर जिंकलं आणि मशीद केली. १९३५ मध्ये संग्रहालय, २०२० मध्ये परत मशीद. म्हणून माझा बेत असा: मूळ ५३७ ची इमारत पक्की चिकटवायची आणि नंतरच्यांनी जोडलेलं सगळं, म्हणजे मिनार, धिरे (भिंतीला बाहेरून दिलेले टेकू), मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा), बारीक लोहचुंबकावर बसवायचं. बघणाऱ्यानं एकेक काढत जावं आणि शेवटी जस्टिनियनची इमारत तेवढी उरावी. कागदावर फार छान वाटत होतं. २४ चुंबक आणले, ३६० रुपये.

१२ जानेवारी

पहिला आठवडा वाया. मधल्या चौकोनाच्या भिंती ३ मिमी एमडीएफच्या कापल्या, गुण्या लावून उभ्या केल्या. घुमटाचा साचा लेथवर व्हर्निअरनं १५५ मिमी काढला होता. तो ठेवून बघतो तर चौकोनात दीड मिमीची फट. साचा पुन्हा मोजला, बरोबर. भिंती मोजल्या, त्याही बरोबर. तासभर डोकं खाजवलं.

मग हातातल्या पट्टीकडे बघितलं. श्रिंकेज पट्टी! बिडाचं ओतीव थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच तेवढी ताणलेली असते. चाळीस वर्षं तीच हातात, तीच उचलली. सगळी इमारत एक टक्का मोठी कापून बसलो होतो, ४१० ऐवजी ४१४. नवीन एमडीएफ, ४८० रुपये. स्टीलची साधी पट्टी टेबलाला दोरीनं बांधून टाकली आहे. श्रिंकेज पट्टी कपाटात, कुलूप लावून.

२६ जानेवारी

खांब. खऱ्या इमारतीत १०४ आहेत, तळमजल्यावर ४० आणि वरच्या सज्जात ६४. बांबूच्या काड्या घेतल्या, १२० रुपयांत भरपूर आल्या.

भोकं पाडताना वरची आणि खालची पट्टी एकावर एक ठेवून एकदमच गिरमिट घातलं. दोन थरांची भोकं समोरासमोर यावीत म्हणून कुणीही हेच करेल. इथे ते चुकतं. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना खाली चार खांब आणि त्यांच्या डोक्यावर सहा. कोपऱ्यांतल्या अर्धगोलांत तर खाली दोन आणि वर सहा. वरचा खांब खालच्या खांबावर उभाच नाही, कमानीच्या पोटावर कुठेतरी उभा आहे. आधी वाटलं आराखडा चुकला. फोटोंत मोजून बघितलं, आराखडा बरोबर, मीच चुकलो. आपल्याकडे एखाद्या गवंड्यानं असं केलं असतं तर मुकादमानं त्याला घरी पाठवलं असतं. ही इमारत रचणारे आन्थेमियस आणि इसिडोर हे दोघे मात्र गवंडी नव्हते, भूमितीवाले होते. भार कुठून जातो याचा त्यांचा हिशोब वेगळा होता.

वरच्या पट्ट्या नव्यानं केल्या. तीन संध्याकाळी गेल्या. कोपऱ्यांतले खालचे आठ खांब पॉर्फिरी नावाच्या दगडाचे, म्हणून जांभळट-तांबडे रंगवले. बाजूचे खालचे आठ हिरव्या संगमरवराचे. बाकीच्यांना एकच करडा हात मारला.

९ फेब्रुवारी

पूर्व-पश्चिमेचे दोन अर्धघुमट झाले. लाकडी तुकडे जोडून लेथवर एक पूर्ण गोल काढला आणि करवतीनं मधोमध कापला. सरळ काम, लिहिण्यासारखं काही नाही. चिकटवले.

१६ फेब्रुवारी

आज घुमट.

ज्यांनी विजापूरचा गोलघुमट बघितलाय त्यांना चौकोनावर गोल बसवण्याची एक युक्ती माहीत असते. तिथे आठ कमानी एकमेकींत गुंफल्या आहेत. इथे त्याच्या अकराशे वर्षं आधी वेगळं केलं. चार कमानी, आणि दोन कमानींच्या मधे उरलेल्या कोपऱ्यात आत झुकणारा तिकोनी तुकडा, त्याला पेंडेंटिव्ह म्हणतात. असे चार तुकडे वर जाऊन एकत्र मिळाले की चौकोनाचा गोल होतो. पॅटर्नवाल्यानं कोपऱ्यात फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्याची गोलाई, भरावी तसं समजा, फक्त पाच मजली.

तिकोनी तुकड्यांना आणि घुमटाला एकसंध गोलाई यावी म्हणून दोन्ही जागेवरच करायचं ठरवलं. आत साचा टेकवला, वर पीओपी ओतलं आणि मधल्या खिळ्याभोवती स्वीप, म्हणजे गोलाईच्या आकाराची पट्टी, फिरवून बाहेरची गोलाई काढली. मोठ्या कढईसारख्या ओतिवांचे साचे आम्ही असेच काढायचो. कडेला ४० बरगड्या, मधे ४० खिडक्या, म्हणजे दर ९ अंशाला एक खाच. खाचा ओल्यातच पाडल्या. रात्री अकराला हात धुतले. सुंदर दिसत होतं.

१८ फेब्रुवारी

सुंदर राहिलं नाही.

साचा काढला आणि व्हर्निअर लावलं. पूर्व-पश्चिम १५५. उत्तर-दक्षिण १५७.५. बाजूच्या दोन्ही भिंती बाहेर फुगल्या आणि घुमटाला टाचेपासून डोक्यापर्यंत चीर.

कारणं दोन, दोन्ही माझी. बीड आकसतं, पण पीओपी घट्ट होताना किंचित फुगतं. आयुष्यभर आकसणाऱ्या मालाशी गाठ, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. दुसरं, कच्च्या एमडीएफनं पीओपीचं पाणी पिऊन घेतलं आणि ते मऊ पडलं. पूर्व-पश्चिमेला अर्धघुमट आधीच चिकटलेले होते, त्यांनी धरून ठेवलं. उत्तर-दक्षिणेला धरायला काहीच नव्हतं.

नातीला फोनवर सांगितलं. ती पुण्यात शिकते. ती म्हणाली, "आबा, खऱ्या घुमटाचं पण हेच झालंय. तुम्ही वाचलं नाही का?" वाचलं होतं, पण ते दगडविटांचं झालं, आपलं काय, असं वाटलं होतं.

खऱ्याचं असं झालं. काम ५३२ मध्ये सुरू आणि २७ डिसेंबर ५३७ ला उद्घाटन. सहा वर्षंही नाहीत. विटांमधले चुन्याचे थर विटांइतके जाड, ते वाळायच्या आत पुढचा थर. मोठे स्तंभ आणि भिंती घुमट चढायच्या आधीच बाहेर झुकल्या होत्या. पहिला घुमट आताच्यापेक्षा साधारण ६ मीटरनं बुटका, म्हणजे जास्त चपटा. घुमट जितका चपटा तितका तो खालच्या भिंतींना बाहेर जास्त रेटतो. धरणीकंप झाले आणि ५५८ च्या मे महिन्यात तो कोसळला. जुन्या इसिडोरचा पुतण्या, धाकटा इसिडोर, यानं तो उंच करून ५६२ मध्ये पुन्हा उभारला. आजही घुमट नेमका गोल नाही. एका अंगानं ३१.२४ मीटर आणि दुसऱ्या अंगानं ३०.८६. माझ्या प्रमाणात तो फरक १.९ मिमी भरतो. माझा अडीच आला. म्हणजे घाईत मी जस्टिनियनच्याही पुढे.

हातोडीनं घुमट फोडला. दोन दिवस नुसती सफाई.

२ मार्च

दुसरा घुमट. यावेळी भिंतींना आधी चपडा पॉलिशचे तीन हात दिले, पाणी पिऊ नये म्हणून. घुमट जागेवर न करता बाहेर टेबलावर ओतला, आठ दिवस उन्हात वाळवला, मग घासून चौकोनावर टेकवला. एकसंध ओतलेला असल्यानं तो झाकणासारखा बसतो, भिंतींना बाहेर रेटत नाही. हे पहिल्यापासून करायला हवं होतं.

पण भिंतींचा फुगवटा तसाच होता. शिकंज्यात धरून हळूहळू आत आणत होतो. एक मिमी आली, दीड आली, आणि कट्‌ असा आवाज. ईशान्येकडच्या तिकोनी तुकड्याला केसाएवढी चीर. शिकंजा सैल केला की भिंत परत बाहेर.

९ मार्च

आज मूळ बेत मोडला.

भिंत आत धरून ठेवायला बाहेरून काहीतरी हवं. लाकडाचे ठोकळे कापायला घेतले आणि लक्षात आलं, ठोकळे तयारच आहेत. कपाटातल्या डब्यात, चुंबक लावलेले. सम्राट दुसऱ्या आन्द्रोनिकोसनं १३१७ मध्ये बांधलेले धिरे, आणि सोळाव्या शतकात सुलतानाचा वास्तुविशारद मिमार सिनान यानं घातलेले धिरे. मी त्यांना नंतरची भर समजून काढघालीचे केले होते. तेच आणून लावले. चुंबकानं धरवेना, भिंत त्यांना ढकलून देत होती. चुंबक उपटले, फेव्हिकॉल लावलं, आतून एकेक बारीक स्क्रू दिला. शिकंजा सोडला. १५५.४.

ते चर्च म्हणून बांधलं गेलं, पण नंतर त्याला धिरे ख्रिस्ती सम्राटानंही घातले आणि मुसलमान सुलतानानंही. माझ्या डब्यात दोघांचे ठोकळे एकत्रच पडले होते, कुठला कुणाचा हे पेन्सिलीनं खाली लिहिलेलं होतं म्हणूनच कळलं. आता "सगळं काढून मूळ इमारत बघा" हे होणार नाही. काढलं तर पडेल. वाचनालयाला तसं कळवलं. त्यांची काही हरकत नव्हती, वाईट मलाच वाटलं.

जाता जाता घुमटाच्या टाचेशी तांब्याच्या तारेचा एक वेढा घालून पिळून घट्ट केला. हीही माझी अक्कल नाही. १८४७ ते १८४९ या काळात फोसाती या वास्तुविशारद बंधूंनी सुलतानासाठी दुरुस्ती केली, तेव्हा घुमटाला लोखंडी साखळीचा वेढा घातला होता.

१२ मार्च

घुमटाला आतून रंग. एकच छटा देणार होतो. पण खरा घुमट एका काळाचा नाही. ९८९ च्या भूकंपात पश्चिमेचा भाग पडला, तो आर्मेनियाच्या त्रदात नावाच्या वास्तुविशारदानं बांधला. १३४६ मध्ये पूर्वेचा भाग पडला, तोही नंतर बांधला. ५६२ चं उरलंय ते उत्तर आणि दक्षिण अंगाला. म्हणून तीन छटा दिल्या. नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत, पण दिल्या.

२३ मार्च

मिनार. चार नग, एकसारखे, लेथवर टेम्प्लेट लावून. अर्ध्या मिमीचाही फरक नाही. खूश होऊन रात्री फोटोशी ताडून बघितले आणि कपाळावर हात मारला. चार मिनार सारखे नाहीतच! आग्नेयेचा लाल विटांचा. ईशान्येचा दगडी आणि बारीक. पश्चिमेचे दोन सिनानच्या काळातले, जाडजूड, तेवढे दोघेच एकमेकांसारखे. वेगवेगळ्या वेळी बांधले तर वेगळेच असणार. पॅटर्नवाल्याला चार नग म्हटलं की चार सारखेच सुचतात. दोन ठेवले, दोन नवे केले. मिनार मात्र चुंबकावरच बसवलेत, ते काढता येतात.

३० मार्च

पाडवा. नात आली होती, आतली नाजूक कामं तिनं घेतली.

मिहराब मी पूर्वेकडच्या अर्धगोलाच्या बरोबर मध्यावर चिकटवला होता. तिनं बघितल्याबरोबर सांगितलं, चुकलं. चर्च पूर्वेकडे तोंड करून, प्रार्थना मक्केकडे. दोन दिशा जुळत नाहीत, म्हणून मिहराब मध्यापासून उजवीकडे सरकलेला आणि किंचित वळलेला आहे. त्याच्या डोक्यावरचं मेरी आणि बाळ येशूचं मोझेक मात्र मध्यावर. ते नवव्या शतकातलं आहे. मिहराब पातीनं सोडवून तिरका लावला. आता उलट मला तो वाकडा दिसतो आणि बघणारे "आजोबा, हे तिरकं बसलंय" म्हणणार, याची खात्री आहे.

चार तिकोनी तुकड्यांवर सहा पंखांचे चार देवदूत तिनं बारीक ब्रशनं काढले. पूर्वेचे दोन मोझेकचे, पश्चिमेचे दोन फोसातींनी नुसते रंगवलेले. मशिदीच्या काळात त्यांचे चेहरे धातूच्या झाकणांनी झाकले होते, २००९ मध्ये एकाचं झाकण काढलं. आमच्या प्रमाणात झाकण म्हणजे आजीच्या पाकिटातली सर्वांत बारीक टिकली. तीन लावल्या, एक चेहरा उघडा.

आठ गोल फलक, खरे ७.५ मीटर व्यासाचे, आपले ३७.५ मिमी. अल्लाह, पैगंबर, चार खलिफा, हसन आणि हुसेन यांची नावं. संग्रहालय झालं तेव्हा हे उतरवले, पण दारातून बाहेर निघेनात. बरीच वर्षं आतच भिंतीला टेकून होते, १९४९ मध्ये पुन्हा वर टांगले. आमचा घुमट उचलता येतो, म्हणून आम्हाला तो त्रास नाही.

कॅथलिकांच्या ५७ वर्षांचं दाखवायला काय करायचं, यावर अडलो. बांधलेलं असं दाखवण्याजोगं फारसं नाही. व्हेनिसचा आंधळा, म्हातारा डोज (तिथला शासनप्रमुख) एनरिको दांदोलो, ज्यानं ती लूट घडवली, तो १२०५ मध्ये तिथेच पुरला गेला. वरच्या सज्जात त्याच्या नावाची एक फरशी आहे. सज्जाच्या जमिनीवर फरशीचा एक कपचा चिकटवला, नखाएवढाही नाही.

एक गोष्ट प्रतिकृतीत दाखवता आली नाही. सज्जातल्या संगमरवरी कठड्यांवर जिथे क्रूस होते तिथे बऱ्याच ठिकाणी त्यांचे आडवे हात छिलून काढलेत. पटाशी धरणाऱ्याला ते हातानं चाचपून कळतं. मी चाचपलं होतं, पहारेकरी ओरडला होता.

१३ एप्रिल

घुमटाच्या टोकावर काय, यावर वाचनालयाच्या बैठकीत अर्धा तास गेला. एक म्हणाले क्रूस, मूळ तेच. दुसरे म्हणाले चंद्रकोर, आज तीच आहे. तिसरे म्हणाले काहीच नको, उगाच वाद. मी टोकाला २ मिमीचं भोक पाडलं आणि पितळेच्या दोन्ही खुणा करून काडेपेटीत ठेवल्या. शेजारी पाटी, त्यावर फक्त सनावळी. १० जुलै २०२० ला न्यायालयानं १९३४ चा संग्रहालयाचा निर्णय रद्द केला आणि २४ जुलैला नमाज झाली, इथपर्यंत. प्रदर्शनात चंद्रकोर लावायची ठरली, कारण मिनारही लावलेले असणार. मिनार काढले की क्रूस. भोक मी पाडलंय, बदलत बसायचं काम त्यांचं.

२३ एप्रिल

दुपारनंतर नातीचा फोन. मारमारा समुद्रात ६.२ चा भूकंप, इस्तंबूल हादरलं. संध्याकाळभर बातम्या बघितल्या. घुमट जागेवर आहे.

रात्री शेडमध्ये जाऊन उगाच आपला घुमट उचलून बघितला. ईशान्येची चीर लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती. बॅटरी मारली तर तिथे पुन्हा एक रेघ दिसली. की लांबीच वाळून फाटली, कळत नाही.

४ मे

खर्च: प्लाय ६५०, एमडीएफ दोनदा ९६०, पीओपी दोनदा ३००, काड्या १२०, चुंबक ३६० (त्यातले आठ फुकट गेले), आराखडा ९०, रंग आणि चपडा ७४०, पितळ आणि तार १८०. एकूण ३,४०० रुपये. लाकूड जुन्या पॅटर्नमधलंच होतं. वेळ चार महिने, त्यातला निम्मा चुका निस्तरण्यात.

दुसऱ्या कुणी केलं तर घुमट बाहेर ओता, एमडीएफला पहिल्याच दिवशी चपडा द्या, आणि धिऱ्यांना चुंबक लावू नका.

चिरेवर पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी आडवी चिकटवून तारीख घातली आहे. चीर हलली तर कागद फाटेल. अकरा दिवस झाले, फाटलेला नाही. उद्या टेम्पोतून वाचनालयात न्यायचं आहे, रस्त्यात खड्डे आहेत. उतरवल्यावर आधी कागद बघणार.